उद्याचे एक काम

१. मावशी वर्गाला आली नाही

बिलोली हे नांदेड जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. थोडे पुढे गेले की तेलंगणाची हद्द लागते. घरात मराठी आणि बाजारात तेलुगू, असे इथले पुष्कळ लोक दोन्ही भाषा बोलतात. याच भागातून मांजरा नदी वाहते आणि पुढे गोदावरीला मिळते. मांजरेची वाळू इथल्या लहान लेकरांच्याही ओळखीची आहे.

या गावात मोठ्या माणसांचा एक वाचनवर्ग चालतो. दिवसभर शेतात राबलेली माणसे रात्री पाटी घेऊन येतात. त्यांत एक मावशी होती. ती ख्रिस्ती. रविवारी प्रार्थनेला जायची. पवित्र शास्त्र आपले आपण वाचता यावे, एवढ्यासाठी ती वर्गाला येऊ लागली. तिचे जोडाक्षरांपर्यंत आले होते.

एका पावसाळ्यात भादव्यात पाऊस थांबेचना. शेतात गुडघाभर पाणी साचले. सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटले. पेरणीला काढलेले कर्ज तसेच राहिले. मावशी आठ दिवस वर्गाला आली नाही.

नवव्या दिवशी आली, पण पाटी नव्हती. दाराशीच बसली. बाईंनी विचारले, "मावशी, पाटी कुठं आहे?"

मावशी म्हणाली, "बाई, अक्षरं शिकून काय करू आता? रान गेलं. मालक चार दिस झाले, बोलंनात. भाकर म्होरं ठेवली की तशीच ऱ्हाती. रातच्याला उठून अंधारात बसतेत. मला लई भ्या वाटतंय. देवाला हाक मारून व्हट सुकले, बाई. देव आईकतो का नाही, तेच कळंना."

वर्ग गप्प झाला. माळकरी आबा कोपऱ्यात बसले होते. त्यांनी मान खाली घातली.

बाईंनी उपदेश केला नाही. "देवाची इच्छा" असेही म्हणाल्या नाहीत. त्या मावशीजवळ जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मावशी, हाच प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी एका मुलीला पडला होता. तिची गोष्ट आज वाचू. मी वाचते. तुम्ही नुसत्या ऐका."

ती गोष्ट अशी.

२. भाकरीचा तुकडा

त्या मुलीचे नाव रमा. तिचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातल्या गंगामूळ येथे, रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे. आई लक्ष्मीबाई. त्या काळी बाईने शिकणे पाप समजत. पण अनंतशास्त्र्यांनी बायकोला संस्कृत शिकवले आणि तिने लेकीला. रमेला हजारो श्लोक तोंडपाठ होते.

हे कुटुंब तीर्थयात्रा करीत फिरे. वडील पुराण सांगत. लोक जे देतील त्यावर पोट चाले. मग दक्षिणेत दुष्काळाची वर्षे आली. जिथे लोकांनाच खायला नाही, तिथे पुराणिकाला कोण देणार? होते नव्हते ते विकले. भांडी गेली, दागिने गेले. शेवटचा तांदळाचा दाणा संपला. मजुरी करायची सवय नाही, भीक मागायची लाज. सारे कुटुंब मरण पत्करायला रानात गेले. कित्येक दिवस झाडाचा पाला आणि पाणी यावर काढले.

म्हातारे वडील गेले. मग चालत चालत उरलेली माणसे रायचूरला आली. बिलोलीसारखेच रायचूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. तिथे आई तापाने पडली. तापात ती खायला मागू लागली. रमा शेजारच्या एका घरी गेली. पण तोंडातून शब्द फुटेना. डोळ्यांत पाणी आले. त्या घरच्या बाईने ओळखले आणि भाकरीचा तुकडा दिला. रमा तो घेऊन धावत आली. आईला तो गिळवला नाही. ती गेली. मागोमाग थोरली बहीणही गेली.

इथे मावशीने पदर डोळ्यांना लावला. ती म्हणाली, "तिचं तर समदंच गेलं की वो."

बाई म्हणाल्या, "अजून जायचं राहिलं होतं, मावशी."

३. वाळूचे अंथरूण

रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास दोघेच उरले. ती दोघे हजारो मैल पायी हिंडली. पार पंजाबपर्यंत गेली. तिकडे थंडी फार. अंगावर घालायला पांघरूण नाही. झेलम नदीच्या काठी त्यांनी वाळूत दोन खड्डे खणले. त्यांत निजायचे आणि मानेपर्यंत कोरडी वाळू ओढून घ्यायची. अशा त्यांनी रात्री काढल्या.

बिलोलीच्या माणसाला वाळूचे हे सांगायला नको. रात्री ती किती गार पडते, ते त्याला ठाऊक आहे.

१८७८ साली ती दोघे कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीचे संस्कृत ऐकले आणि ते थक्क झाले. त्यांनी तिला "पंडिता" आणि "सरस्वती" या पदव्या दिल्या. आता बरे दिवस येतील असे वाटले. पण १८८० साली भाऊ पटकीने वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केले. जात वेगळी म्हणून नातलग तुटले. १८८१ साली मनोरमा ही मुलगी झाली. आणि १८८२ च्या फेब्रुवारीत नवराही पटकीनेच गेला.

बघा, वय तेवीस. आईबाप नाहीत, बहीण नाही, भाऊ नाही, नवरा नाही. कडेवर दहा महिन्यांचे लेकरू. विधवेचे तोंड पाहणेही अपशकुन मानण्याचा तो काळ.

देवाचे दार ठोठावण्यात या कुटुंबाने कसर केली नव्हती. तीर्थे केली, उपास केले, दान केले. मग देव गप्प का? हाच मावशीचा प्रश्न. रमाबाईंनाही तो पडला होता.

४. विहिरीवरची बाई

आसामात राहत असताना नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना एक लहान पुस्तक सापडले होते. ते बंगालीत होते. ते लूककृत शुभवर्तमान होते, म्हणजे येशू ख्रिस्ताची कथा. ते त्यांनी आवडीने वाचले.

नवऱ्याच्या मागे त्या पुण्याला आल्या. बायकांच्या शिक्षणासाठी त्यांनी १८८२ साली आर्य महिला समाज काढला. पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या. तिथे वाँटेज गावच्या ख्रिस्ती भगिनींकडे त्या राहिल्या. या भगिनी लंडनजवळ एक घर चालवीत. समाजाने टाकलेल्या, वाईट मार्गाला लागलेल्या बायका त्या घरात होत्या. भगिनी त्यांची सेवा करीत. त्यांना हिडीसफिडीस करीत नसत.

रमाबाईंना नवल वाटले. पापी म्हणून हाकलून दिलेल्या बाईला असे जवळ घेताना त्यांनी कुठे पाहिले नव्हते. त्यांनी विचारले, तुम्ही हे का करता? तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली गोष्ट सांगितली.

एक शोमरोनी बाई भर दुपारी विहिरीवर पाण्याला आली. शोमरोनी लोकांना यहूदी लोक हलके लेखत. त्यांच्या हातचे पाणी घेत नसत. त्यातून या बाईचे पाच नवरे झालेले. येशू दमून विहिरीपाशी बसला होता. तो यहूदी. त्याने तिच्याजवळ प्यायला पाणी मागितले. तिच्याशी तो बरोबरीने बोलला. देवाची उपासना कशी करावी, हे त्याने तिला सांगितले. ती घागर तिथेच टाकून गावात धावली. जिच्याशी कोणी बोलत नव्हते, तिने साऱ्या गावाला बोलावून आणले.

ही गोष्ट रमाबाईंच्या मनात रुतली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आणि लहान मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

पण बाप्तिस्मा घेतला आणि सारे दुःख त्याच दिवशी पळाले, असे झाले नाही. रमाबाईंनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. ख्रिस्ताचा धर्म आपल्याला आधी मिळाला, पण खुद्द ख्रिस्त भेटायला आणखी आठ एक वर्षे गेली, असा त्यांच्या सांगण्याचा भाव आहे. तोवर त्या शोधत राहिल्या. आणि शोधता शोधता काम करीत राहिल्या.

५. पुन्हा दुष्काळात

इंग्लंडहून रमाबाई अमेरिकेला गेल्या. हिंदुस्थानातल्या विधवांची स्थिती त्यांनी तिथल्या लोकांना सांगितली आणि मदत मिळवली. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत "शारदा सदन" ही शाळा काढली. पहिली विधवा विद्यार्थिनी होती गोदूबाई. याच पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. दुसऱ्या वर्षी शाळा पुण्याला गेली.

१८९३ साली मोठे वादळ उठले. शाळेतल्या मुलींना ख्रिस्ती करतात, असा आरोप झाला. वर्तमानपत्रांनी झोडपले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की मी जबरदस्ती करीत नाही, पण माझी प्रार्थना मी दार लावून करणार नाही. हा वाद तेव्हा मिटला नाही. आजही त्याबद्दल लोकांची मते वेगवेगळी आहेत. पण वाद चालू असतानाही शाळा बंद पडली नाही.

आता या गोष्टीतली मुख्य जागा आली.

१८९६-९७ साली मध्यप्रांतात मोठा दुष्काळ पडला. बातमी पुण्याला आली. रमाबाईंना वीस वर्षांपूर्वीचे सारे आठवले. रान आठवले. पाला आठवला. आईला न गिळवलेला भाकरीचा तुकडा आठवला.

माणूस अशा वेळी काय करतो? डोळे मिटतो. ते दिवस पुन्हा नको म्हणतो. त्यात काही चूक नाही. पण रमाबाई गाडीत बसल्या आणि त्याच दुष्काळात गेल्या. रस्त्याच्या कडेला हाडांचे सापळे झालेल्या मुली त्यांनी पाहिल्या. कोणाचे आईबाप मेलेले. कोणाला वाईट माणसे पळवायला टपलेली. भूक काय असते, ते या बाईला कोणी शिकवायला नको होते. त्यांनी सुमारे तीनशे मुली व बायका आणल्या.

मावशी, हे ध्यानात घ्या. रमाबाईंची आई परत आली नाही. पण रायचूरला एका बाईने भाकर दिली होती. आता रमाबाई ती भाकर दुसऱ्यांच्या लेकींना देत होत्या.

६. केडगावचे मुक्तिसदन

पुण्यात तेव्हा प्लेग होता. इतक्या मुलींना शहरात ठेवता येईना. पुण्याच्या पूर्वेला, दौंडच्या वाटेवर केडगाव आहे. तिथे रमाबाईंनी आधीच जमीन घेऊन ठेवली होती. त्या माळावर झोपड्या घातल्या. विहिरी खणल्या. १८९८ साली तिथे पक्क्या इमारती उठू लागल्या. नाव ठेवले "मुक्ती".

१९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला. तिथूनही मुली आल्या. माणसांची संख्या दीड हजारावर गेली.

एवढ्यांना पोसायचे कसे? रमाबाई रोज प्रार्थना करीत. पण प्रार्थना करून हात बांधून बसत नसत. मुक्तीत प्रत्येकीला काम होते. शेती होती. दूधदुभते होते. हातमाग होते. तेलाचा घाणा होता. छापखानाही होता आणि त्यात खिळे जुळवणाऱ्या बायकाच होत्या. आंधळ्या मुलींना उठावाची अक्षरे बोटांनी चाचपून वाचायला शिकवीत. ज्या शिकल्या, त्या दुसऱ्यांना शिकवीत.

जिला जगाने "तुझा काही उपयोग नाही" म्हटले, तिच्या हातात एक काम आले. हातात काम आले, मग मान वर झाली. केडगावचे हे घर आजही चालू आहे.

७. शेवटचे काम

आता शेवटचा भाग. हा खास आपल्या वर्गासाठी आहे.

रमाबाईंना वाटे, पवित्र शास्त्राचे मराठी पंडितांचे आहे. खेड्यातल्या बाईला ते कळत नाही. तिच्यासाठी सोपे मराठी हवे. मूळ ग्रंथ इब्री आणि ग्रीक भाषेत. म्हणून उतारवयात त्या या दोन्ही भाषा शिकल्या. कानांनी ऐकू येत नव्हते, तरी शिकल्या. वर्षानुवर्षे बसून त्यांनी सबंध पवित्र शास्त्राचे भाषांतर केले.

ते काम संपत आले असता २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली. वय अवघे चाळीस. कामात आईचा उजवा हात तीच होती. आईच्या मागे मुक्ती तीच चालवणार होती. जवळचे उरलेले एकच माणूस, तेही गेले.

रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या, आजारी. त्या रडल्या नसतील का? आई रडणारच. पण छापखान्यातून तपासायचे कागद येत होते. ते त्या तपासत राहिल्या. एक पान झाले की दुसरे. काम पुरे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. ते पुस्तक १९२४ साली बाहेर आले.

बाईंनी मावशीकडे पाहिले. म्हणाल्या, "मावशी, हे काम त्यांनी कोणासाठी केलं? तुम्ही वाचावं म्हणून केलं. तुम्हीच पाटी टाकून बसलात तर कसं?"

८. दगड कोण लोटील?

मावशी म्हणाली, "बाई, त्या मोठ्या. पंडिता. आमच्यात कुठलं एवढं बळ?"

बाई म्हणाल्या, "मग पंडिता नसलेल्या बायकांची गोष्ट ऐका. ती तुम्हांला माहीतच आहे. येशूला शुक्रवारी क्रुसावर मारलं. पुरलं. कबरीवर भला मोठा दगड लावला. शिष्य घाबरून दार लावून बसले. सगळं संपलं, असं सगळ्यांनाच वाटलं. रविवारी पहाटे काही बायका निघाल्या. कशाला?"

"सुगंधी द्रव्य लावाया," मावशी हळूच म्हणाली.

"बरोबर. येशू जिवंत भेटेल अशी आशा त्यांना होती का? नव्हती. मेलेल्या माणसाची शेवटची सेवा करावी, एवढंच मनात होतं. दगड कोण बाजूला करील, ही काळजी त्या वाटेत करीत होत्या. तरी निघाल्या. जाऊन पाहतात तर दगड आधीच लोटलेला. तो उठला आहे ही बातमी पहिल्यांदा कोणाला कळली? त्या बायकांना. मनात आशा नसतानाही त्यांनी सकाळचं एक काम हाती घेतलं होतं, म्हणून त्या तिथं होत्या."

थोडे थांबून बाई म्हणाल्या, "ख्रिस्ती माणसाची आशा म्हणजे 'गेलेलं सगळं परत मिळेल' ही नव्हे. दुःखात देव आपल्याला टाकून गेलेला नाही, तो स्वतः क्रुसाची वेदना सोसून आपल्यापाशी बसला आहे, हा भरवसा म्हणजे आशा. त्या भरवशावर उद्याचं एक काम करायचं. फक्त उद्याचं. परवाचा दगड परवा."

माळकरी आबा इतका वेळ ऐकत होते. ते म्हणाले, "माय, माझा देव पंढरीचा. पर बाई बोलल्या ते खरं हाय. बहात्तरच्या दुष्काळात म्या पोरगा व्हतो. बापासंगं खडी फोडली, सुकडी खाल्ली. तवा बाप म्हणायचा, आजची खडी आज फोड. चल, तुझ्या मालकाला भेटू. एकट्याला ठेवू नको."

९. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी

वर्ग सुटल्यावर बाई आणि आबा मावशीच्या घरी गेले. आबा ओट्यावर नुसते बसून राहिले. काही विचारले नाही. पुष्कळ वेळाने मालक बोलले, "आबा, मला काय सुचंना बगा. जीव नको झालाय."

आबा म्हणाले, "बोललास, बरं केलंस. आता मी हाय इथं. आज इथंच निजतो."

सकाळी आबांनी त्यांना सरकारी दवाखान्यात नेले. मन आजारी पडते, त्यालाही औषध असते, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले. दुपारी मावशीने नुकसानीच्या पंचनाम्यासाठी तलाठ्याकडे अर्ज दिला. मजकूर बाईंनी सांगितला. लिहिला मावशीने. दोन जोडाक्षरे चुकली. ती खोडून पुन्हा लिहिली. खाली आजवर अंगठा येत असे, तिथे या वेळी सही आली.

कर्ज त्या दिवशी फिटले नाही. सोयाबीन पुन्हा हिरवे झाले नाही. पण रात्री मालकांनी अर्धी भाकर खाल्ली. मावशी दिव्याजवळ बसून हा धडा त्यांना वाचून दाखवू लागली. अडखळत, बोट ठेवून, एकेक अक्षर. मालक म्हणाले, "म्होरं वाच."

ध्यानात ठेवा

* कोणी माणूस बोलेनासा झाला, जेवेनासा झाला, "जगून काय करू" म्हणू लागला, तर त्याला एकटे सोडू नका. त्याच्यापाशी बसा. आधी ऐका.
* लगेच दवाखान्यात न्या. देवाची प्रार्थना आणि डॉक्टरचे औषध यांचे भांडण नाही.
* मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा सरकारी फोन आहे. नाव "टेली-मानस". रात्री-बेरात्री केव्हाही लावता येतो. पैसे पडत नाहीत.

कठीण शब्द

पटकी : कॉलरा, हगवण-ओकारीचा रोग.
बाप्तिस्मा : ख्रिस्ती होताना पाण्याने करतात तो विधी.
शुभवर्तमान : चांगली बातमी. येशूच्या चरित्राचे पुस्तक.
खिळे : छापण्यासाठी शिशाची केलेली अक्षरे.

प्रश्न

१. रायचूरला रमाबाईंना भाकर कोणी दिली? ती भाकर पुढे त्यांनी "परत" कशी केली?
२. विहिरीवरच्या बाईची गोष्ट रमाबाईंच्या मनात का रुतली असेल?
३. रमाबाईंनी सोप्या मराठीत भाषांतर का केले?
४. आबा माळकरी, मावशी ख्रिस्ती. तरी आबा तिच्या घरी का गेले?

लिहून पाहा

आपल्या वहीत एक ओळ लिहा. ती "उद्या मी" या शब्दांनी सुरू करा. त्यात एकच काम लिहा. उद्या रात्री वर्गाला आल्यावर ते झाले की नाही, ते बाईंना सांगा.